वाचकाचे उत्तरदायित्व : नरहर कुरुंदकर यांचे चरित्र आणि भाषाशिक्षणाचा एक प्रश्न

नरहर कुरुंदकर यांच्याविषयी आजवर जे लेखन झाले, ते प्रामुख्याने विचारवंत, वक्ता आणि समीक्षक या तीन नात्यांनी झाले आहे. ही तिन्ही नाती खरी आहेत. तथापि या तिन्हींच्या मुळाशी असलेले चौथे नाते काहीसे दुर्लक्षित राहिले आहे. कुरुंदकर हे आयुष्यभर शिक्षक होते आणि ते प्रामुख्याने वाचन शिकविणारे शिक्षक होते. समोरच्या संहितेविषयी वाचकाला स्वतःचे असे काही म्हणावयाचे असते काय, ते म्हणण्याचा अधिकार त्याला कधी प्राप्त होतो, आणि म्हटल्यानंतर त्याची कोणती जबाबदारी त्याच्यावर येते, हे प्रश्न त्यांच्या चरित्रातूनच आकाराला आलेले दिसतात. प्रस्तुत लेखात या चौथ्या नात्याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न आहे.

हा मागोवा बिलोलीच्या बाजूने घ्यावासा वाटला, याला कारण आहे. बिलोली, देगलूर आणि धर्माबाद हा नांदेड जिल्ह्याचा पूर्वेकडील पट्टा तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे तत्कालीन आंध्र प्रदेशात गेली. उरलेला भाग प्रथम द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आला. सीमा आखली गेली, पण घरे आणि सोयरिकी ज्या भाषांत चालत होत्या त्या भाषांना ती रेषा माहीत नव्हती. त्यामुळे या पट्ट्यातील मराठीच्या वर्गात घरी तेलुगू किंवा उर्दू बोलणारी मुले बसलेली असतात. त्यांच्यासाठी मराठी ही शाळेची, परीक्षेची आणि नोकरीची भाषा आहे. ती मातृभाषा म्हणूनच शिकविली जाते, ही यातली खरी अडचण.

अशा वर्गात एखादी कविता वाचली जाते तेव्हा काय घडते? एक साधे उदाहरण घेऊ. मराठीत अन्न म्हणजे खाण्याचे सर्व पदार्थ. ज्वारीच्या मुलखात तर अन्न म्हटले की भाकरीच डोळ्यांपुढे येते. तेलुगूत अन्नम् म्हणजे शिजलेला भात. जुन्या मराठी कवितेतील तात म्हणजे पिता. तेलुगूत तात म्हणजे आजोबा. मराठीत अवसर म्हणजे संधी किंवा सवड. तेलुगूत अवसरम् म्हणजे गरज. घरी तेलुगू बोलणारा विद्यार्थी या शब्दांपाशी येतो तेव्हा त्याच्या मनात जे उमटते ते चूक म्हणावे की त्याचा प्रतिसाद म्हणावे? तातच्या बाबतीत ती निःसंशय चूक आहे, कारण तेथे नातेच बदलते आणि कवितेतील प्रसंग उलटासुलटा होतो. अन्नाच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही. भुकेच्या कवितेत त्याला भाकरीऐवजी वाफाळता भात दिसला, तर कवितेचे काही बिघडत नाही. उलट ती कविता त्याच्या घरात शिरते. हा फरक करणे हे शिक्षकाचे काम आहे. व्यवहारात मात्र शिक्षक दोन्ही खोडतो आणि मार्गदर्शकातील तयार रसग्रहण उतरवून देतो. विद्यार्थी ते पाठ करतो, त्याला गुण मिळतात, आणि आपल्या मनात जे आले ते सांगण्याजोगे नव्हते एवढा एकच धडा तो त्या कवितेतून शिकतो.

कुरुंदकरांचे आयुष्य या प्रश्नाशी कोठे जोडले जाते ते आता पाहू.

नरहर अंबादास कुरुंदकर यांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूर येथे झाला. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १९९९ पासून तो भाग हिंगोली जिल्ह्यात मोडतो. घराण्याचे मूळ गाव वसमतजवळचे कुरुंदा. त्यांचे बालपण निजामी राजवटीत गेले. त्या राजवटीची राजभाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतूनच दिले जाई. मराठी ही घरची, देवघरातली आणि कीर्तनातली भाषा. सरकारी शाळेत वरच्या इयत्तांकडे जाताना ती मागे पडत असे. मराठवाड्यातील त्या पिढीचा प्रत्येक शिकलेला माणूस या अर्थाने भाषेचा विद्यार्थी होता. ज्या भाषेत तो विचार करी ती शिक्षणाची भाषा नव्हती, आणि जी शिक्षणाची भाषा होती ती त्याच्या आईला येत नव्हती. आज बिलोलीच्या वर्गातील तेलुगूभाषक मुलाची जी स्थिती आहे, तीच स्थिती वेगळ्या नावाने कुरुंदकरांच्या पिढीने अनुभवली होती. हे साम्य मराठीच्या अध्यापकांनी फारसे ध्यानात घेतलेले नाही. ज्यांच्या भाषेवर अन्याय झाला, त्यांच्या नातवंडांच्या वर्गात दुसऱ्या कोणाची भाषा गप्प बसते, हे पाहण्यास थोडा मनाचा मोठेपणा लागतो.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात कुरुंदकर पंधरा-सोळा वर्षांचे होते आणि त्या चळवळीच्या वातावरणातच त्यांचे मन घडले. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. शिक्षणासाठी हैदराबादला असताना त्यांना मामांचा, डॉ. नारायण गोविंद नांदापूरकर यांचा सहवास लाभला. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या भारतांचा तौलनिक अभ्यास करणारा त्यांचा मुक्त-मयूरांची भारते हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. या ग्रंथाची पद्धती आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. एकच कथा, एकच प्रसंग, पण दोन कवी. दोन्ही पाठ शेजारी ठेवले की कथा कोणती हा प्रश्न उरत नाही; कवीने कोठे विस्तार केला, कोठे हात आखडला, कोणत्या पात्राला झुकते माप दिले, हेच दिसू लागते. असे वाचन करणाऱ्याला निवड करावीच लागते. आपणास कोणाची द्रौपदी अधिक पटते, हे त्याला सांगावे लागते आणि का पटते हेही दाखवावे लागते. भाषा नव्याने शिकणाऱ्याला स्वतःचे मत बनविण्यास प्रवृत्त करणारी याहून सोपी युक्ती क्वचितच असेल. त्यासाठी परिभाषा लागत नाही. दोन उतारे पुरतात. कुरुंदकरांच्या पुढील लेखनात तुलना हे जे प्रधान साधन दिसते, त्याचा उगम या सहवासात शोधणे वावगे ठरणार नाही.

एवढे अफाट वाचन असलेला हा विद्यार्थी परीक्षेत मात्र मागे पडला. इंटरच्या टप्प्यावर त्यांना अपयश आले आणि पदवीपर्यंतचा प्रवास लांबला. चरित्रकार या घटनेकडे बहुधा थोर माणसाच्या आयुष्यातील गमतीदार विसंगती म्हणून पाहतात. मला ती तशी वाटत नाही. परीक्षा ज्या प्रकारचे वाचन मागते आणि कुरुंदकर ज्या प्रकारचे वाचन करीत होते, त्यांत मुळातच अंतर होते. परीक्षेला ठराविक प्रश्नाचे ठराविक उत्तर हवे असते. कुरुंदकरांना प्रश्नच तपासून घ्यावयाचा असे. अर्थात अपयशाचे उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. ते पुन्हा परीक्षेस बसले, पदवी घेतली, पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. व्यवस्थेबाहेर राहून तिला नावे ठेवण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही.

१९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले. पुढे १९६० नंतरच्या दशकात पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पीपल्स कॉलेज हे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने १९५० साली नांदेडमध्ये उभे राहिले. संपूर्ण जिल्ह्यातून, म्हणजे बिलोली-देगलूरकडूनही, उच्च शिक्षणासाठी येणाऱ्या मुलांना तेव्हा हाच मुख्य आधार होता. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ सालची. म्हणजे कुरुंदकर शिकवू लागले तेव्हा या प्रदेशात मराठीचे उच्च शिक्षण स्वतःच्या पायांवर नुकतेच उभे राहत होते. वर्गातील बहुसंख्य विद्यार्थी घराण्यात पहिल्यांदाच पुस्तक हाती घेणारे. त्यांच्यापुढे साहित्यशास्त्र मांडावयाचे तर कोणत्या दाराने आत जावे, हा प्रश्न त्यांच्यासाठी रोजचा होता.

याच काळात त्यांचे रिचर्ड्सची कलामीमांसा हे पुस्तक झाले. मर्ढेकरांनंतरच्या मराठी सौंदर्यविचारात आय. ए. रिचर्ड्स हे नाव वारंवार येत होते. तथापि कुरुंदकरांनी त्याच्या विचारव्यूहाची मराठीतून स्वतंत्र मांडणी आणि चिकित्सा केली. इंग्रजी ही कुरुंदकरांची घरची भाषा नव्हती आणि इंग्रजी साहित्याचे पदवीधर म्हणूनही ते या विषयाकडे वळले नव्हते. नांदेडसारख्या गावी राहून, परक्या भाषेतील एका अवघड ग्रंथकाराला आपल्या भाषेतून जाब विचारणारा हा वाचक होता. परभाषेतील संहितेला वैयक्तिक प्रतिसाद कसा द्यावा, याचे उदाहरण म्हणूनही हे पुस्तक वाचता येते.

येथे रिचर्ड्सचा थोडा परिचय आवश्यक आहे. आपल्याकडे त्याच्या मूल्यविचाराची, प्रेरणांच्या संतुलनाची चर्चा पुष्कळ झाली, पण त्याच्या वर्गाची फारशी झाली नाही. १९२० नंतरच्या दशकात केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे तो कवीचे नाव आणि काळ काढून टाकून कविता ठेवीत असे व त्यांच्याकडून लेखी अभिप्राय घेत असे. अशा तेरा कविता आणि त्यांवरील अभिप्राय यांचे विवेचन त्याने १९२९ साली प्रॅक्टिकल क्रिटिसिझम या ग्रंथात केले. निष्कर्ष धक्कादायक होते. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, जे देशातील नामांकित विद्यापीठात शिकलेले, अशा विद्यार्थ्यांनाही कवितेचा सरळ अर्थ लागत नव्हता. कोणी कवितेशी संबंध नसलेल्या स्वतःच्या आठवणीत वाहवत गेले, कोणी ठोकळेबाज भावनांच्या आहारी गेले, कोणी आपल्या धर्ममताशी कविता जुळते की नाही एवढेच पाहिले. नावाचा आधार काढून घेताच थोर कवी हीन ठरले आणि सामान्य कवींची वाहवा झाली. याच रिचर्ड्सने पुढे चीनमध्ये आणि नंतर हार्वर्ड येथे इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांसाठी आयुष्याचा मोठा भाग खर्च केला. मर्यादित शब्दसंख्येची बेसिक इंग्लिश आणि चित्रांच्या साहाय्याने भाषा शिकविणारी पुस्तके ही त्याची फळे. काव्यवाचनातील अडचण आणि भाषा शिकणाऱ्याची अडचण त्याने दोन वेगळ्या गोष्टी मानल्या नाहीत. अमेरिकेत लुईझ रोझेनब्लॅट यांनी १९३८ साली वाचकाच्या अनुभवाला साहित्याध्यापनाच्या केंद्रस्थानी आणले, तेव्हा त्यांनीही वाचकाचा अनुभव पुन्हा संहितेकडे नेऊन तपासण्याचा आग्रह धरला होता, हे बहुधा विसरले जाते.

आपल्या परंपरेत सहृदय ही संकल्पना आहेच. अभिनवगुप्ताने सहृदयाची जी व्याख्या केली तीत जन्मजात संवेदनशीलतेपेक्षा काव्याच्या सततच्या परिशीलनाने मन आरशासारखे स्वच्छ होण्यावर भर आहे. म्हणजे सहृदय घडवावा लागतो. भरताच्या नाट्यशास्त्राचा आणि रसविचाराचा कुरुंदकरांनी दीर्घकाळ अभ्यास केला. एकीकडे रिचर्ड्स आणि दुसरीकडे भरत व अभिनवगुप्त यांच्या मधल्या जागेत त्यांचा वाचक उभा आहे. हा वाचक स्वतःच्या अनुभवाशी प्रामाणिक असतो, पण अनुभव आला एवढ्यावरच तो थांबत नाही. पाठात तो अनुभव कोठे उभा आहे, हे त्याला दाखवावे लागते.

या भूमिकेचा पुरावा त्यांच्या लेखनपद्धतीत मिळतो. रूपवेध, मागोवा, धार आणि काठ, पायवाट या समीक्षाग्रंथांत त्यांची एक लकब सतत आढळते. ते आपले मत प्रथमपुरुषात, कोणताही आडपडदा न ठेवता सांगतात. त्यानंतर लगेच त्या मताविरुद्ध जो सर्वांत बळकट आक्षेप असू शकेल तो स्वतःच उभा करतात आणि त्याला उत्तर देतात. धार आणि काठ (१९७१) मध्ये मराठी कादंबरीचा प्रवास मांडताना त्यांनी मान्यवर कादंबरीकारांविषयी रूढ झालेले निर्णय जसेच्या तसे स्वीकारले नाहीत. काही ठिकाणी त्यांचे निर्णय घाईचे वाटतात; वाद घालण्याचा आनंद कधी कधी कलाकृतीच्या आस्वादावर मात करतो, हेही नमूद केले पाहिजे. परंतु त्यांच्याशी असहमत होणाऱ्यालाही मूळ कादंबरी पुन्हा उघडावी लागते. वाचकाला पुन्हा पाठाकडे पाठविणारे निर्णय चुकीचे निघाले, तरी वर्गाच्या दृष्टीने त्यांचा उपयोग संपत नाही.

रणजित देसाई यांच्या श्रीमान योगी या कादंबरीला जोडलेली त्यांची प्रस्तावना मुळात एक दीर्घ पत्र आहे. पत्र हा प्रकार येथे अर्थपूर्ण आहे. प्रस्तावनाकाराने ग्रंथाची स्तुती करावी हा संकेत. पत्र लिहिणाऱ्यावर तो बंधनकारक नसतो. कुरुंदकरांनी या पत्रात शिवाजी या विषयाचीच स्वतंत्र मांडणी केली. लेखकाचा आदर राखून त्याच्यापेक्षा वेगळे म्हणता येते, आणि ते म्हणणे त्यालाच उद्देशून लिहिता येते, हा या पत्राचा विशेष. सीमाभागातील ज्या विद्यार्थ्याला निबंधाची मराठी अवघड जाते, त्याला पाठाच्या लेखकास किंवा त्यातील पात्रास पत्र लिहावयास सांगावे. पत्रात त्याचे वाक्य मोडके असले तरी कोणाशी बोलावयाचे हे त्याला ठाऊक असते, आणि मग मार्गदर्शकातील विशेषणे त्याच्या उपयोगाची राहत नाहीत.

दुसरे उदाहरण मनुस्मृतीचे. तिच्यावरील त्यांचे विवेचन त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने आले. ज्या ग्रंथाची मूल्ये आपणास अमान्य आहेत, तो ग्रंथ त्यांनी त्याच्या समर्थकांहून अधिक बारकाईने वाचला आणि नंतर नाकारला. नास्तिक आणि समाजवादी विचारांच्या माणसाकडून नकार अपेक्षितच होता. नकाराआधीचे वाचन अपेक्षित नव्हते. जागर (१९६९) आणि शिवरात्र (१९७०) या संग्रहांनी त्यांना सर्व बाजूंचे विरोधक मिळवून दिले, त्याचेही कारण हेच असावे. विरोधकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांच्या बळासह मांडून खोडणारा माणूस कोणत्याच गोटाला सोयीचा नसतो. वर्गातही असेच घडते. पाठातील विचार मला पटला नाही, असे म्हणणारा विद्यार्थी शिक्षकाला अवघड वाटतो. तो विचार नेमका काय आहे ते आधी सांग, एवढे त्याला विचारले तर बहुतेक वेळा दोन गोष्टी होतात : त्याचा नकार तरी बदलतो, नाही तर अधिक पक्का होतो. दोन्हींत भाषा वाढते.

वक्तृत्वाने त्यांना महाराष्ट्रभर नेले, तरी नांदेड त्यांनी सोडले नाही. त्यांच्या लेखनाचा मोठा भाग व्याख्यानांतून, प्रस्तावनांतून, मागणीनुसार लिहिलेल्या लेखांतून आला, म्हणजे कोणीतरी समोर बसलेले असताना झालेले हे चिंतन आहे. एकान्तात बसून रचलेला मोठा ग्रंथ त्यांच्याकडून झाला नाही, अशी खंत पुष्कळांनी व्यक्त केली आहे. शिक्षकाच्या दृष्टीने पाहता ती खंत तितकीशी खरी नाही. श्रोत्याच्या शंकेशिवाय त्यांचा विचार पुढे सरकत नसे आणि शंका घेणारा श्रोता हेच त्यांच्या विचाराचे निम्मे साहित्य होते.

१० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना पन्नास वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या मागे त्यांचे विखुरलेले लेख आणि व्याख्याने एकत्र करून अनेक पुस्तके निघाली. नांदेड येथे १९९४ साली स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि ज्यांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज उभे राहिले त्या स्वामीजींचेच नाव त्याला मिळाले. बिलोलीचा मराठीचा वर्ग आज याच विद्यापीठाच्या कक्षेत आहे.

रिचर्ड्सने आपल्या विद्यार्थ्यांचे अभिप्राय, चुकांसकट, जपून ठेवले आणि छापले. म्हणून केंब्रिजचा तो वर्ग आजही आपल्याला ऐकू येतो. कुरुंदकरांच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी काय विचारले, काय चुकीचे समजून घेतले आणि ती चूक हाताळून सरांनी त्यांना कोठे नेले, याचा तसा ग्रंथ झाला नाही. त्यांच्या अगदी शेवटच्या वर्षांतील विद्यार्थीही आता साठी ओलांडून गेले आहेत. त्यांतील अनेकजण स्वतः शिक्षक होऊन नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या गावोगावी निवृत्त झाले आहेत. त्यांच्याकडे वह्या असतील, टिपणे असतील, निदान आठवणी तरी आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधिकेसाठी विषय शोधताना प्रथम त्यांची दारे ठोठवावीत, आणि जाताना बिलोली, कुंडलवाडी, देगलूर येथील आजच्या एखाद्या वर्गातील मुलांचे न तपासलेले, न दुरुस्त केलेले अभिप्रायही सोबत न्यावेत.